कबुतरखान्यातलं लोंबतं टोक

लग्न पक्कं करायला दोन्हीकडच्यांनी मिळून कुराणातली फातिहा म्हणायची असते. माझी ठरली होती शुक्रवारी, दुपारच्या नमाजाआधी. नवरा मुलगा सरवत कुवेतला, त्याची आई उम्म सरवत कुवेतला, आणि त्यांच्याकडून फातिहा म्हणणारा म्हातारा चुलता तिथून थेट विमानतळावर निघालेला. तो गेला की सहा महिने गायब. म्हणजे माझं अख्खं लग्न एका पडद्यावर लटकलेलं. आणि पडद्यावर काय? एक गोल. फिरतोय आपला गरागरा.

"साध्या फोनवर उरकूया ना," आई म्हणाली.

"फोनवर?" बाबा उखडले. "गॅसचं सिलिंडर मागवतोय का मी? उम्म सरवतला मुलगी बघायचीय. आधीच म्हणत असते, इम्बाबा वस्तीतले लोक फार शेफारलेत!"

मोबाइलच्या नेटचं विचारूच नका. आमच्या गल्लीत बोलण्यापुरती रेंज मिळते, तीही मोरीत उभं राहिलं तर.

बिल्डिंगमध्ये सगळ्यांत मिळून एकच कनेक्शन. ते गच्चीवर अम्म बयूमीच्या, म्हणजे बयूमीकाकांच्या, कबुतरखान्यात येतं, कारण गच्चीवर छप्पर तेवढंच. तिथं स्विच आहे, म्हणजे ओळीनं भोकं असलेला एक डबा. त्यातून घराघरात वायरी गेल्यात.

मी टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये हेच शिकवते. नेटवर्किंग. हे बिल्डिंगमधल्या मांजरांनासुद्धा माहीत आहे. म्हणून मी खुर्चीतून उठले, तर सगळे एका सुरात ओरडले, "इनास, तू बस!"

"केस सेट केलेत तुझे," आई म्हणाली.

"आम्ही मेलोय का?" वगदीमामा म्हणाले.

मामांचं औषधाचं दुकान आहे, त्यामुळे जगातल्या कुठल्याही दुखण्यावर त्यांच्याकडे इलाज असतो. त्यांनी राउटर बंद केला, चालू केला, कानाला लावून ऐकला. मग आईनं भरल्या वांग्यांसाठी काढलेली फॉइल त्याला गुंडाळली. "लहरी बाहेर सांडतायत," म्हणाले. आता वांगी उघडी आणि राउटर झाकलेला.

एवढ्यात अम्म बयूमी हसतमुखानं खाली आले. "कोण म्हणतं बंद आहे? आत्ता बघून आलो. सगळे दिवे नुसते फडफडतायत! एवढा जोर आजवर बघितला नाही मी."

मी विचारलं, "अम्म बयूमी, तुम्ही कशाला हात लावलात?"

"मी? छे! पाहुणे येणार म्हणून जरा झाडझूड केली."

पाहुणे कुवेतहून पडद्यावर येणार होते. कबुतरखान्यात नव्हे.

"एका वायरचं टोक लोंबत होतं गं. कबुतरं चोची मारत होती. दिलं रिकाम्या भोकात खोचून. आता कसं नीटनेटकं दिसतं!"

"आणि तिचं दुसरं टोक कुठं आहे?"

"त्याच डब्यात की."

मी डोकं धरलं. मग शांतपणे, अगदी पहिल्या वर्षाच्या पोरांना सांगते तसं सांगितलं. जिन्यात कुणी ओरडलं, 'ही टोपली कुणाची?' तर प्रत्येक मजला तीच हाक पुढं देतो. ज्याची टोपली तो 'माझी' म्हणतो, बाकीचे गप्प बसतात. डब्याचंही तसंच. एका घरातनं हाक आली, 'हा पत्ता कुणाचा?', की तो ती बाकीच्या सगळ्या भोकांतनं पुढं देतो. पण ही वायर डब्यातनं निघून डब्यातच शिरलीय. त्याची स्वतःचीच हाक त्याला परत ऐकू येते. त्याला वाटतं नवी आहे, तो पुन्हा ओरडतो. ती पुन्हा येते, तो पुन्हा ओरडतो. दिवे फडफडतायत ते त्या बोंबाबोंबीनं. तुमचा-आमचा आवाज शिरायला जागाच नाही!

सगळ्यांनी माना डोलावल्या.

"म्हणजे वायरी कमी पडतायत," वगदीमामा म्हणाले आणि वर पळाले. दुसरी वायर घेऊन. तीही त्यांनी दोन्ही टोकांनी त्याच डब्यात घातली. खाली येऊन म्हणाले, "डबल केलं."

बाबांनी घड्याळ बघितलं. त्यांचा चेहरा पांढराफटक. "म्हातारा निघाला असेल," म्हणाले.

मग माझं टाळकं सटकलं. सँडल काढले, झगा गुडघ्यापर्यंत उचलला आणि गच्ची गाठली. दोन्ही वायरी खसकन उपटल्या. कबुतरं अशी उधळली की सेट केलेल्या केसांत निम्मी पिसं आली.

जिना उतरताना मी काय काय बोलले ते सगळं इथं सांगत नाही. "फॉइल गुंडाळा आता डोक्याला!" हे सगळ्यात सभ्य.

दारात आले तर गोल गेलेला. पडद्यावर सरवत, त्याची आई आणि कोट घातलेला चुलता. तिघंही कान टवकारून.

"कोण ओरडतंय?" उम्म सरवतनं विचारलं.

"नवरीच ती," बाबा घाईघाईनं म्हणाले. "कबुतरांना दाणे घालायला गेली होती. फार मायाळू आहे हो."

"खोटं!" मी म्हणाले. "यांनी वायरी घालून अख्ख्या बिल्डिंगचं नेट मारलं. मी सांगत होते, कुणी ऐकलं नाही. म्हणून जाऊन उपटल्या."

आईनं तोंडाला पदर लावावा तशी ओढणी लावली. सरवतनं खाली बघितलं. चुलत्यानं बॅग उचलली.

"हात दाखव," उम्म सरवत म्हणाली.

मी दाखवले. काळेकुट्ट, वर कबुतराची शीट.

तिनं ते निरखून बघितले. मग चुलत्याकडं वळली. "बॅग ठेवा खाली, भाऊजी. आमच्या घरातसुद्धा हा सरवत सगळं दुरुस्त करत फिरतो. गेल्या महिन्यात त्यानं फ्रीज घालवला. अशीच हवी. म्हणा फातिहा, विमान थांबत नाही."

सगळ्यांनी हात पसरले. मीही पसरले, तसेच, न धुता. शेवटचं आमीन माझं जरा मागनं आलं, कारण वगदीमामा हळूच राउटरकडं सरकत होते आणि मी त्यांच्याकडं डोळे वटारून बघत होते.