वरच्या मजल्यावरचं फूल

दोघी जावांमध्ये वर्षभर अबोला होता, आणि तो पाळण्यात दोघींनी जराही कसूर केली नव्हती. थोरली वरच्या मजल्यावर, धाकटी खाली. नवरे सख्खे भाऊ. सायकल दुरुस्तीच्या दुकानात दिवसभर पोट धरून हसायचे आणि घराच्या दारात आले की तोंडाला कुलूप. बायकांची बाजू घ्यावी तरी पंचाईत, न घ्यावी तरी पंचाईत.

भांडणाचं मूळ म्हणजे सासूबाईंचा डबा. आपल्या लाल भोपळ्याच्या बिया त्या दरवर्षी त्यात राखून ठेवत. त्या गेल्यावर थोरलीने घर आवरताना, बुरशी आली म्हणून, डबा बियांसकट फेकून दिला. जन्मभर इस्पितळात नर्स होती ती; बुरशी दिसली की तिचं डोकं फिरायचं. मग धाकटीचंही फिरलं. "तुमचं काय, आईंनाही असंच फेकून दिलं असतंत!" ती बोलून गेली. सासूबाईंचं शेवटचं सगळं आजारपण थोरलीने एकटीने काढलं होतं. तिच्या गॅलरीतून खाली सोडायची एक टोपली होती. तिच्यातून रोज वाटीभर साखर, कोथिंबीर, सुईदोरा असं काहीबाही वर-खाली व्हायचं. ते ऐकून थोरलीने ती टोपली वर ओढली आणि कठड्याला करकचून बांधून टाकली.

धाकटी शिवणकाम करायची. सासूबाईंचा जुना कोट उसवताना तिला अस्तरात भोपळ्याची एक बी सापडली. ती एकुलती एक बी तिने खिडकीखालच्या पिंपात लावली. वेल तरारला, भिंतीवरचा पाइप धरून चढला आणि थेट थोरलीच्या गॅलरीत जाऊन पसरला. भांडणाचं त्याला कोण सांगणार!

खाली फुलंच फुलं, पण सगळी बारीक देठाची. वरची तसली फुलं थोरली रोज सकाळी कात्रीने कापून अंगणात टाकायची. फळ न देणारं फूल म्हणजे तिच्या लेखी कचरा. देठाशी इवलासा भोपळा असलेलं फूल तेवढं ती ठेवायची, आणि तेही चार दिवसांत पिवळं पडून गळायचं. शेवटी धाकटीने बियाणांच्या दुकानात जाऊन हे सांगितलं.

दुकानदाराने डोक्याला हात लावला. "अहो, ती नराची फुलं! ती कापली तर मादीच्या फुलाला पराग मिळणार कुठून? त्यात तुमच्या शेजारच्या इमारतीला रंगकामाची जाळी. मधमाशीला यायला वाट नाही. हातानेच करा आता. पण सकाळी हं, ऊन चढलं की फूल मिटतं. आणि थंडी तोंडावर आलीये, फार फुलं यायची नाहीत."

हाताने करायचं तर वर जायला हवं, वर जायचं तर बोलायला हवं. मादीची दोन फुलं धाकटीने या विचारातच घालवली.

मग एका सकाळी तिने वर पाहिलं. पानांच्या कडा पिवळ्या पडल्या होत्या आणि शेंड्याला मादीचं एकच फूल उमलत होतं. खाली पिंपाशी नराचं एक फूल उघडलं होतं. वरचं ते गेलं की सासूबाईंचा भोपळा या घरातून कायमचा गेला. तिने नराचं फूल खुडलं, अंगणात उभी राहिली आणि वर्षभर गिळलेला आवाज मोकळा सोडला.

"वहिनी! अहो वहिनी!"

वर भांडं पडल्याचा आवाज झाला. थोरली कठड्याशी आली. "काय गं, आग लागलीये का कुठे?"

"नाही हो. ते फूल आहे ना, त्याला हे लावायचंय. नाहीतर तेही गळेल. टोपली सोडा ना."

थोरलीने आधी फुलाकडे पाहिलं, मग जावेकडे. टोपलीची गाठ इतकी आवळली होती की सुटेना. शेवटी तिने फुलं कापायची तीच कात्री गाठीला लावली. टोपली गचके खात खाली आली आणि फूल घेऊन वर गेली.

"पाकळ्या काढा," धाकटी खालून ओरडली, "आणि मधला दांडा त्या फुलाच्या मधोमध फिरवा. हळू हं, अगदी हळू!"

"हळू म्हणजे काय ते मला शिकवतेस? जन्म गेला माझा जखमा पुसण्यात."

"वहिनी, मी तेव्हा आईंबद्दल जे बोलले ना..."

"आधी फूल! तुझं तोंड काय, दिवसभर उघडंच असतं. हे मिटेल."

 काम आटोपून थोरली पुन्हा कठड्याशी आली. "हं. आता बोल."

"चुकलं माझं. तुम्ही केलंत तेवढं आईंचं कोणीच केलं नसतं."

थोरलीने पदराला हात पुसले. "डबा टाकायच्या आधी तुला विचारायला हवं होतं मी," ती म्हणाली.

हा भोपळा गळला नाही. लिंबाएवढा झाला, चेंडूएवढा झाला, मग वेलाला त्याचं ओझं पेलवेना. मोडलेल्या हाताला बांधतात तशी झोळी थोरलीने त्याला बांधली. झोळी धाकटीने शिवली होती, त्याच कोटाच्या अस्तराची.

पिकल्यावर थोरली त्याला कडेवर घेऊन स्वतः जिना उतरली. दोघींनी मिळून तो चिरला, बिया धुतल्या, वाळवल्या आणि दोन डब्यांत भरल्या. थोरलीने दोन्ही डबे धाकटीपुढे सरकवले. "माझ्याकडे नको बाई. मला साफसफाईचा रोग आहे."

धाकटीने एक डबा तिच्या हातात कोंबला. "हा वरच राहील. टाकलात तर मी पुन्हा वाट्टेल ते बोलेन, सांगून ठेवते."

"आणि मी ऐकून घेईन होय?"

"नका घेऊ. भांडा. पण टोपली तेवढी वर ओढू नका."

थोरली डबा घेऊन जिना चढली. जरा वेळाने टोपली खाली आली. तिच्यात साखरेसाठी रिकामी वाटी होती.