पप्पांची ओली गादी

घर विकायचं ठरलं की आमच्या गावात लोकांना माझी धास्ती वाटते. मी घरं तपासतो, त्यातही माळे. टॉर्च तोंडात धरून तुळयांवरून रांगतो, इन्सुलेशनच्या लोकरीत पट्टी खुपसून जाडी बघतो आणि खाली येऊन मालकाला असा झापतो की त्याला कॉफी गोड लागत नाही. "वळचणीचे झरोके बुजवलेत? मग माळ्याने श्वास कुठून घ्यायचा?" हे मी इतक्या जणांना ऐकवलंय, की लोक माझ्या पाठीमागे माझी नक्कल करतात. मला ते ठाऊक आहे आणि खरं सांगायचं तर थोडं आवडतंही.

या हिवाळ्यात माझे सासरे, वायनो पप्पा, आमच्याकडे राहायला आले. सगळं आयुष्य जंगलात लाकूड तोडण्यात गेलेलं, बोलणं मोजकं. त्यांना वरची खोली दिली. जानेवारी संपता संपता त्यांची गादी ओली सापडू लागली. आधी एकदा, मग सारखीच. इर्मा, माझी बायको, मुकाट्याने चादर बदलायची आणि स्वयंपाकघरात येऊन डोळे पुसायची. तिने विचारलं तर पप्पा म्हणायचे, "वय झालं पोरी, चालायचंच."

शेवटी तिची पाठ धरली. "मला नाही रे झेपत," ती म्हणाली. "टेकडीवरच्या वृद्धाश्रमात एक खोली रिकामी झालीय. तू सांग त्यांना."

"मी? बाप तुझा आहे!"

"लोकांना वाईट बातमी द्यायचा धंदा तुझाच आहे ना?"

छान ऊन पडलेलं बघून मी निसूचा, म्हणजे वेलदोड्याच्या गोड पावाचा, एक जाड काप आणि कॉफी घेऊन वर गेलो. पप्पा खिडकीशी खुर्चीत बसले होते. मी पलंगावर टेकलो, घसा साफ केला, म्हटलं, "पप्पा, मी आणि इर्मा विचार करत होतो..."

तेवढ्यात माझ्या टकलावर गार पाण्याचा थेंब पडला. मी वर बघितलं, तर दुसरा डोळ्यात.

"पडला?" पप्पांनी विचारलं.

"तुम्हाला माहीत होतं?"

"ऊन आलं की पडतो. ढगाळ असेल त्या दिवशी नाही."

"अहो, मग बोलला का नाहीत? पलंग तरी सरकवायचा!"

"सरकवला असता तर इर्माने विचारलं असतं." त्यांनी निसूचा तुकडा कॉफीत बुडवला. "गावभर लोकांची छपरं नापास करत फिरतोस, जावईबापू. तुझंच गळतं म्हटल्यावर तुला दारात कोण उभं करील? माझं काय, म्हातारा अंथरूण ओलं करतो म्हणाले, तर म्हणू देत. त्याने कुणाची भाकरी जात नाही."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लोकांच्या माळ्यावरचा उंदीर मी जिन्यातूनच वासाने ओळखतो म्हणून मिरवतो, आणि इतके दिवस त्या चादरींना कसलाच वास नव्हता, हे या नाकाला कळलं नव्हतं.

मी शिडी लावली. पोट माळ्याच्या दारात अडकलं, खालून पप्पांनी काठीने ढोसलं तेव्हा वर गेलो. छपरातून आत आलेल्या खिळ्याखिळ्यावर पांढरा बर्फ चढला होता आणि उन्हाने वितळून टपटपत होता. खालून येणारी दमट ऊब वळचणीतून वाहणाऱ्या हवेबरोबर बाहेर जायला हवी, नाहीतर ती खिळ्यांवर गोठते. ती जाणार कुठून? पप्पांच्या खोलीवरचा एकूण एक झरोका लोकरीने गच्च बुजवलेला. अगदी नीटनेटकं, एखाद्या जाणकाराने केलेलं काम! जाणकार मीच. पप्पा येणार म्हणून ऑक्टोबरात वर चढलो होतो. त्यांना वारा लागू नये एवढंच डोक्यात होतं. दुसऱ्याचा माळा असता तर मालकाला रडवला असता.

लोकर उपसून खाली आलो. इर्माने विचारलं, "सांगितलंस?"

"सांगायचं होतं ते त्यांनीच मला सांगितलं," मी म्हटलं आणि तिला सगळं ऐकवलं. ती धावत वर गेली. बराच वेळ खाली आली नाही.

शनिवारी नेहमीप्रमाणे आमच्या सौनात, म्हणजे वाफ घ्यायच्या लाकडी खोलीत, शेजारी जमले. त्यात रूडी होता, ज्याचं घर मी माळ्यावरून नापास केलं होतं. घामाघूम होऊन, कमरेला पंचा गुंडाळून मी सगळ्यांना सगळं सांगून टाकलं. मग रूडी अगदी माझ्या आवाजात म्हणाला, "मग माळ्याने श्वास कुठून घ्यायचा, एल्डन?" आणि सगळे बाक हलेपर्यंत हसले.

वरच्या बाकावरून पप्पा म्हणाले, "हसा लेको. मला थंडी वाजू नये म्हणून केलं त्याने."

आणि त्यांनी बादलीभर पाणी तापल्या दगडांवर ओतलं. वाफेत कुणालाच कुणाचे डोळे दिसेनात, हे माझ्या दृष्टीने बरंच झालं.