साऱ्यांचा वाढदिवस एक जून

आमच्या पाड्यावरच्या झाडून सगळ्या पोरींचा वाढदिवस एक जून. हसू नका, शाळेच्या रजिस्टरात तो मीच लिहिलाय. जूनमध्ये शाळा उघडायची, पोर दारात उभी राहायची आणि सहा वर्षं पुरी होतील अशी एक जून मी टाकून द्यायचे. धसईकडे चोवीस वर्षं मास्तरीण होते, कुणी कधी बोट ठेवलं नाही.

निवृत्त झाल्यावर लेक म्हणाला, कल्याणला ये, आराम कर. कसला आराम! मी इथंच महिला मंडळ काढलं, शनिवारी दुपारी मुलींचा वर्ग सुरू केला. मंडळाचा हट्ट एकच, अठराच्या आत लग्न नाही. धोंडूबाई माझा उजवा हात. अक्षरशत्रू, पण तोंड असं की बापये वाट बदलायचे. तिची लेक सावळी पहिल्याच बाळंतपणात गेली, मुरबाडच्या वाटेवर जीपमध्ये. त्यानंतर ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "बाई, आता दुसऱ्या कुनाची नाय जायची."

लोक म्हणायचे, वत्सलाबाई किती भल्या. मेल्यांनो, तुम्हाला काय ठाऊक! वर्गात सतरा मुली होत्या आणि हजेरीला "हजर बाई" अठरा वेळा यायचं. शेवटचं दाराकडून, बोबडं. सावळी पहिल्या दिवशी म्हणाली होती तसंच. मी मान वर करायची नाही. मला भीती वाटायची, खोटं कशाला सांगू?

कारण मला ठाऊक होतं. नव्वद साली पट कमी भरला होता, एक शिक्षक काढून घेणार होते. धोंडूबाई लावणीला जाताना सावळीला शाळेत सोडून जायची. पुरती चारचीही नव्हती. मी सहा लिहिली. पट भरला. पुढं दोन-तीन वर्षं अशीच आणखी नावं चढवली. पोरी लवकर शिकतील, अशी मनाची समजूतही घातली.

दोन हजार पाचचा डिसेंबर. चंदरच्या पूजाचं लग्न ठरलं. ती वर्गातच रडत म्हणाली, "बाई, मी सोळाची हाय. मला बाहेरून दहावी करायचीय." धोंडूबाईनं पदर खोचला आणि मला ओढतच चंदरच्या अंगणात नेलं. मांडवाच्या मेढी रोवून झाल्या होत्या. पोलीस पाटीलही तिथंच चहा पीत होते.

"पोर अठराची नाय," धोंडूबाई म्हणाली.

"कोन बोलतं?"

"दाखला काढ की! बाईंनी लिवलेला हाय. बाईंचा कागद खोटं बोलत नाय."

चंदर हसला. आत जाऊन दाखला घेऊन आला आणि पाटलांच्या हातात दिला. पाटलांनी मोठ्यानं वाचलं, "एक जून सत्याऐंशी. अठरा भरली की हो, बाई. सही तुमचीच." धोंडूबाईचा चेहरा उतरला. ती पूजाला हळूच म्हणाली, "मंग तूच चुकलीस गो."

पूजा माझ्याकडे बघत होती. मी गप्प राहिले असते तर कुणाला काही कळलं नसतं. धोंडूबाई जन्मभर मला देव मानत राहिली असती.

"दाखला खोटा आहे," मी म्हणाले. "पट भरायला मी दोन वर्षं वाढवून लिहिली. पाटील, कागद द्या, तसं लिहून देते."

चंदर अंगावर धावून आला. "तुमी खोटं लिवायचं आन् इज्जत आमची घालवायची?" बरोबरच होतं त्याचं. पाटील म्हणाले, चौकशी लागेल, पेन्शनला हात लागेल. लागू दे. मी लिहून सही केली. लग्न थांबलं.

धोंडूबाई मेढीला धरून उभी होती. "सावळीचा पन?"

मी मान हलवली.

"लगनाच्या येळी मला वाटत व्हतं ती लहान हाय," ती म्हणाली. "दाखल्यात अठरा निघाली. बोलले, आपुन अडानी, आपलीच मोजनी चुकली. बाई कशा चुकतील?"

ती निघून गेली. तीन शनिवार आली नाही. पूजा आली. हजेरीत अठरावा आवाज येतच राहिला.

चौथ्या शनिवारी धोंडूबाई दारात उभी राहिली. आत आली नाही. "सावळीचा दाखला द्या. खरा."

शाळेचा शिक्का आता माझ्याकडे नव्हता. मी वहीचं पान फाडलं, नाव लिहिलं आणि जन्मतारखेपाशी पेन अडलं.

"तुला ठाऊक आहे?" मी विचारलं.

"म्हंजे काय? शायशीचा दसरा. त्याच्या दुसऱ्या दिवशी, भातकापनी चालू असताना. वावरातच झाली." तिचे डोळे भरले. "तुमी कधी इचारलंच नाय, बाई."