सगळ्यात वरचा कागद

"वर ठेवा, ओत्ताविओ. सगळ्यात वर."

इंजिनिअर बेर्तीबाईंच्या रेनकोटचं पाणी महापौरांच्या दालनाबाहेरच्या गालिच्यावर ठिबकत होतं. एरवी ओत्ताविओनं त्यांना दारातच थोपवलं असतं. या बाहेरच्या खोलीत शिपाई म्हणून त्याची एकतीस वर्षं गेली होती आणि या गालिच्याला तो जेवढा जपायचा तेवढा स्वतःच्या गुडघ्यांनाही जपत नसे. पण बाईंचा चेहरा पाहून त्यानं सहीची फाईल पुढे ओढली.

"तुमची सवय सगळ्या पालिकेला माहीत आहे," बाई म्हणाल्या. "तातडीचं ते तळाशी. आज तेवढं करू नका, हात जोडते."

सवय खरी होती. आधीचे म्हातारे महापौर सहीची फाईल हातात आली की ती उलटी करून तळापासून वाचायला घ्यायचे. लोकांना जे लपवायचं असतं ते तळाशी असतं, असं त्यांचं म्हणणं. दहा वर्षं ओत्ताविओनं त्यांच्यासाठी तातडीचा कागद तळाशी लावला आणि हाताला तेच वळण पडलं. नवे महापौर कालांद्रेल्ली वरून वाचत. पहिल्या महिन्यात त्याच्या हातून दोनदा घोटाळा झाला, नंतर कधीच नाही. पण चेष्टा मात्र मागे उरली. कँटीनमध्ये कुणाचं काम अडलं की दुसरा हमखास म्हणायचा, ओत्ताविओनं तळाशी लावलं असेल.

बाईंनी खिशातला रुमाल उलगडून टेबलावर ठेवला. आत काचेची एक पट्टी होती, मधोमध तडकलेली. परटिणींच्या चढावर टेकडीला धरून ठेवणारी जुनी भिंत होती. तिला भेग पडलेली. भिंत हलली तर कळावं म्हणून भेगेवर अशा काचा आडव्या चिकटवलेल्या होत्या.

"पंधरा लावल्या होत्या. कालपर्यंत सगळ्या शाबूत. आज सकाळी अकरा तडकलेल्या सापडल्या. खाली एक्केचाळीस घरं आहेत. घरं रिकामी करायचा हुकूम टाइप करून आणलाय. पण सही एकट्या महापौरांचीच चालते, नाहीतर मी इथे कशाला भिजत उभी राहिले असते?"

"मग आत जा ना तुम्ही."

"मालवेत्सी सोडत नाहीत. सणाचा दिवस आहे, उद्या या म्हणाले."

मालवेत्सी म्हणजे महापौरांचे खाजगी सचिव. सण होता संत लुचिदोचा, शहराच्या रक्षणकर्त्याचा. दुपारी चार वाजता त्याची मूर्ती खांद्यांवर निघायची आणि तिच्यामागे महापौरपदाचा तिरंगी पट्टा घालून महापौरांनी चालायचं, हे शंभर वर्षांत चुकलं नव्हतं. मिरवणूक परटिणींच्या चढावरूनच जायची.

त्या चढावर नऊ नंबरच्या घरात त्याची थोरली बहीण एर्सिलिया राहत होती. त्यानं कागद फाईलमध्ये सगळ्यात वर ठेवला, बरोबर आहे ना हे पुन्हा उघडून पाहिलं, आणि कॉफीचा ट्रे घेऊन तो आत गेला.

कालांद्रेल्ली वाईट माणूस नव्हता. ओत्ताविओनं सहा महापौर पाहिले होते, त्यात हा निदान शिपायाला नावानं हाक मारणारा होता. त्यानं वरचा कागद उचलला, वाचला, पेनाचं टोपण काढलं. मग पेन तसंच हातात धरून तो खिडकीबाहेर बघत बसला. पाऊस तीन दिवस थांबला नव्हता.

"हा चढ याआधी किती वेळा रिकामा केला रे आपण?"

"दोनदा, साहेब. एकदा आधीच्यांनी, एकदा तुम्ही."

"आणि भिंत?"

"उभी आहे."

"उभी आहे. माणसं तीन आठवडे शाळेच्या हॉलमध्ये झोपली आणि मी मासळीबाजारातून जाताना बायका मला काय काय म्हणाल्या ते तू ऐकलंयस. आता आज सणाच्या दिवशी त्यांना बाहेर काढू? आणि चार वाजता रिकाम्या गॅलऱ्यांखालून संताला नेऊ?"

ओत्ताविओला काही विचारलेलं नव्हतं. न विचारता या खोलीत तो कधी बोलला नव्हता. तरी त्याच्या तोंडून निघालं, "साहेब, अकरा काचा..."

"काय?"

"काही नाही. कॉफी गार होतेय."

महापौरानं पेनाला टोपण लावलं. कागद उचलून स्वतःच्या हातानं फाईलच्या तळाशी सरकवला. "मिरवणूक होऊन जाऊ दे. संध्याकाळी पहिली सही हीच," तो म्हणाला आणि पुढचा कागद वाचायला लागला.

बाहेर येऊन ओत्ताविओ टेबलाशी बसला. बाई आपल्या कचेरीत परत गेल्या होत्या, रुमालावरची काच तशीच पडली होती. या खोलीत ऐकलेलं या खोलीतच राहतं हा त्याचा नेम होता. बायको होती तोवर तिच्याजवळही त्यानं कधी ब्र काढला नव्हता, आणि त्याचा त्याला अभिमान होता. आज पहिल्यांदा तो अभिमान त्याला नकोसा झाला. अर्धा तास त्यानं काढला. मग बहिणीला फोन लावला.

"ताई, छातीत दुखतंय माझ्या."

"मग डॉक्टरला कर फोन. मी काय येऊन मलम चोळू?"

"मला घरी ने. एकट्यानं जिना उतरवायचा नाही."

"आज? अरे, आईचा लाल पलंगपोस बांधतेय गॅलरीला. समोरच्या बाईनं नायलॉनचा लावलाय, वर तोरा बघ तिचा. संत खालून जाताना आपली गॅलरी उघडी दिसली पाहिजे का?"

"ये ना, ताई."

"तू 'ये ना' कधीपासून म्हणायला लागलास? येते. जेल्सोमिनाला सांगून ठेवते, पाऊस वाढला तर पलंगपोस आत घे म्हणून."

जेल्सोमिना म्हणजे शेजारीण. तिलाही घेऊन ये, असं ओत्ताविओच्या अगदी ओठांवर आलं. पण कशाला, असं ताईनं विचारलं असतं, मग कारण सांगावं लागलं असतं, आणि तासाभरात सगळ्या चढावर बोभाटा झाला असता. महापौरांच्या दारातून बातमी फुटली असं झालं असतं. त्यानं फोन ठेवला.

एर्सिलिया बाराला आली, धापा टाकत. त्याच्या कपाळाला हात लावून म्हणाली, "गार आहेस. जिभेला काही झालेलं नाही, तेव्हा मरत नाहीस तू." तो म्हणाला, थोडं बसू, मग निघू. तिनं छत्री कोपऱ्यात उभी केली, खुर्चीत बसली, नायलॉनवालीची गोष्ट पहिल्यापासून सांगायला घेतली. बोलता बोलता तिची नजर रुमालावर गेली.

"हे काय?"

ओत्ताविओनं रुमाल ओढायला हात पुढे केला.

"ही तर आपल्या भिंतीवरची काच. रोज बघते मी येता-जाता." तिनं ती उचलली, प्रकाशात धरली. "तडकलीय ही. इथे कशी आली?"

तेवढ्यात एक दबका आवाज आला, लांबून जड कपाट ओढल्यासारखा. खिडकीच्या काचा थरथरल्या. कँटीनमध्ये कुणीतरी हसत होतं ते थांबलं. मग टेबलावरचा फोन वाजायला लागला, त्यामागून मालवेत्सींचा, त्यामागून आतला. एर्सिलिया भावाकडे बघत होती. तिच्या हातातली काच तिनं हळूच रुमालावर परत ठेवली.

"तुला माहीत होतं," ती म्हणाली. त्यात प्रश्न नव्हता.

छत्री तिथेच टाकून ती पावसात निघून गेली. दारात तिला मालवेत्सींचा धक्का लागला. त्यांनी वळून तिच्याकडे पाहिलं, मग ओत्ताविओकडे.

भिंतीनं पाच घरं नेली. पाच माणसं गेली. नऊ नंबर त्यात होतं आणि जेल्सोमिनाही. ती तिच्या घरात सापडली नाही. एर्सिलियाच्या गॅलरीच्या लोखंडाखाली सापडली, हातात लाल कापडाचा गोळा घट्ट धरलेला. एर्सिलिया ओत्ताविओच्या घरी राहायला आली, कारण दुसरीकडे जायला जागा नव्हती. त्याच्याशी मात्र ती एक शब्द बोलली नाही. त्यानं केलेलं सूप ती खायची आणि वाडगं स्वतः धुवायची.

तिसऱ्या दिवशी मालवेत्सींनी त्याला बोलावलं. "या, बसा," ते म्हणाले. एकतीस वर्षांत या इमारतीत ओत्ताविओला कुणी 'बसा' म्हटलं नव्हतं. तो खुर्चीच्या कडेवर टेकला.

"सरकारी वकिलांनी तुम्हाला शुक्रवारी बोलावलंय. तो हुकूम फाईलमध्ये कुठे होता, एवढंच विचारतील."

"वर होता."

"सापडला तळाशी." मालवेत्सींनी कागदावरून हात फिरवला. "आता बघा, तुमची जुनी सवय कुणाला माहीत नाही? चाळीस माणसं सांगतील. घाईत हात तिकडेच गेला. माणूस आहे, चूक होते. तुमची निवृत्ती चार महिन्यांवर आलीय, पेन्शनला धक्का लागू देणार नाही मी. आणि महापौर तर... त्यांनी तो कागद पाहिलाच नाही."

सगळं खापर कुणाच्या डोक्यावर फोडायचं हे आधीच ठरलेलं होतं.

"दुसरंही एक," मालवेत्सी अगदी मऊ आवाजात म्हणाले. "तुमची बहीण नेमकी त्याच दुपारी घरी नव्हती. नशीबच म्हणायचं. पण तुम्ही जर म्हणालात की हुकमाचं तुम्हाला सगळं माहीत होतं, तर लोक विचारतील ना, बहिणीला बोलावलं, मग बाकीच्यांना का नाही? मेलेल्यांची माणसं तुम्हाला रस्त्यातून चालू देतील का? मला तुमची काळजी वाटते."

ही काळजी ओत्ताविओला पुरती समजली. त्यातलं वाईट हे होतं, की मालवेत्सी खोटं बोलत नव्हते. स्वतःलाच तो तीन दिवस हेच विचारत होता.

अंत्यविधी बुधवारी सकाळी. शहरानं दुखवटा पाळायचा, त्या जाहीरनाम्यावर महापौरानं अर्ध्या तासात सही केली होती. ओत्ताविओनं पट्टा इस्त्री करून ठेवला होता. उजव्या खांद्यावरून तिरका, हिरवा रंग गळ्याच्या बाजूला, लाल बाहेर. तीन वर्षांत कालांद्रेल्लीनं तो एकदाही स्वतः घातला नव्हता. आरशासमोर येऊन त्यानं सवयीनं डावा हात उचलला आणि वाट पाहिली.

पट्टा ओत्ताविओच्या हातात होता. तो घालायला ओत्ताविओ पुढे आला नाही.

"साहेब, कागद मी वर ठेवला होता."

आरशात महापौराची नजर त्याच्याकडे वळली. हात तसाच वर राहिला.

"तुम्ही वाचलात. टोपण काढलंत. मी तिथेच उभा होतो, आणि मीही बोललो नाही. शुक्रवारी मी हे दोन्ही सांगणार आहे."

"ओत्ताविओ, ऐक..."

पण ओत्ताविओनं पट्टा खुर्चीच्या पाठीवर नीट घडी मोडू न देता ठेवला, बाहेरच्या खोलीच्या कोपऱ्यात राहिलेली एर्सिलियाची छत्री घेतली आणि जिना उतरला. गुडघे दुखत होते. मोठ्या चर्चसमोरच्या चौकात पाच पेट्या ओळीनं ठेवल्या होत्या. परटिणींच्या चढाची माणसं एका बाजूला उभी होती, एर्सिलिया त्यांच्यात. तो तिच्या शेजारी जाऊन उभा राहिला. छत्री तिच्या डोक्यावर धरली. तिनं वर पाहिलं नाही.

थोड्या वेळानं महापौर पायऱ्यांवर आला.

"पट्टा उलटा आहे," एर्सिलिया म्हणाली. चार दिवसांतलं तिचं पहिलं वाक्य. "लाल रंग गळ्याशी आलाय."

"हो."

"तू घातलास?"

"नाही. आज नाही घातला. त्यांनी काय केलं ते मी त्यांना तोंडावर सांगितलं. शुक्रवारी वकिलांना सांगणार आहे. माझंही."

एर्सिलियानं पेट्यांकडे पाहिलं. तिसऱ्या पेटीजवळ जेल्सोमिनाची लेक उभी होती, काळा रुमाल बांधून. तिच्या शेजारी कुणी नव्हतं.

"वकिलांचं नंतर बघ," ती म्हणाली. "आधी तिला सांग. त्या दिवशी तू मला का बोलावलंस, आणि तिच्या आईला का नाही."

ओत्ताविओनं छत्री बहिणीच्या हातात दिली. शिपायाची टोपी काढून खिशात घातली आणि चौक ओलांडून तो तिसऱ्या पेटीकडे चालू लागला.