प्लंबरच्या गच्चीवरची कबुतरीण

मी कबुतरीण बोलतेय. नुसतं कबूतर म्हणू नका, कबूतर माझा नवरा होता. त्याच्याबद्दल पुढे सांगेन, सांगण्यासारखं फार नाही.

माझा जन्म एका प्लंबरच्या गच्चीवर झाला. तिथली ढाबळ त्यानं स्वतः बांधली होती. भिंती फळकुटांच्या, दाराला जाळी, आणि आम्ही बसायचो त्या दांड्या कामावरून उरलेल्या पाइपांच्या. थंडीत पाय असे गार पडायचे की झोपेतसुद्धा नाचावं लागायचं.

अंड्यातून निघाले तेव्हा मी दिसायला भयंकर होते. अंगावर विरळ पिवळे केस, चोच सगळ्या तोंडापेक्षा मोठी. प्लंबरच्या थोरल्या बहिणीनं वाकून बघितलं आणि म्हणाली, "हे काय रे, सोललेला बटाटा?" ती ताई. शाळेत पोरींना पळायला शिकवायची, आणि बोलायला लागली की समोर पोरी आहेत की कबुतरं हे बघायची नाही. मला शाळा नाही. जे काही शास्त्र माझ्या डोक्यात आहे ते तिच्या बडबडीतून गोळा केलेलं.

आमच्यात आईसारखं बापाच्या गळ्यातही दूध तयार होतं आणि तोही पिल्लांना भरवतो. हे तुमच्या घरातल्या बापांना सांगू नका, उगीच तोंड लपवत फिरतील.

डोळे उघडल्यावर प्लंबरनं माझ्या पायात कडं सरकवलं. ते पिल्लूपणीच घालतात, मग पाय वाढतो आणि कडं जन्मात निघत नाही. माझ्या डोळ्यावर एक पांढरं पीस होतं, म्हणून तो मला आजीबाई म्हणायला लागला. उडायला यायच्या आधीच मी म्हातारी झाले.

मग शर्यतीची शिकवणी सुरू झाली; लांब सोडलेलं जे पाखरू आधी घरी पोचेल ते जिंकतं. टोपली स्कूटरला बांधायची, गल्लीच्या टोकाला नेऊन सोडायचं. आम्ही घरी. मग नदीपलीकडून, मग टेकडीच्या मागून. प्लंबर उतावळा. त्याला वाटायचं एकदम लांब न्यावं.

ताई ओरडायची. "माझ्या पोरींना मी पहिल्याच दिवशी डोंगर चढवते का? थोडं थोडं वाढव. स्नायू दमला की जरासा झिजतो, मग विश्रांतीत भरून येतो आणि आधीपेक्षा घट्ट होतो. झोपू दे त्यांना."

"ती माणसांची गोष्ट झाली, ताई."

"मांस ते मांस."

तिनं मला हातात घेतलं, छाती चाचपली आणि बघतच राहिली. माझं एक तृतीयांश वजन तिथंच आहे, पंख मारायच्या स्नायूंत. तुम्ही मांड्यांवर पळता, आम्ही छातीवर उडतो. आणि तुमचे पळणारे आदल्या दिवशी भात नाहीतर पाव चेपतात, तशी आमची गत नाही. लांबची मजल आम्ही चरबीवर मारतो. म्हणून शर्यतीआधी मका आणि शेंगदाणे. तेवढ्यासाठी तरी शर्यत हवी असं माझ्या नवऱ्याचं मत होतं, आणि तो शर्यतीत नव्हता.

श्वासाचं तर विचारूच नका. तुमची हवा ज्या वाटेनं आत जाते त्याच वाटेनं परत येते, त्यामुळे आतल्या शिळ्या हवेत ताजी मिसळते. आमच्या अंगात फुप्फुसाच्या मागेपुढे हवेच्या पिशव्या आहेत. हवा आधी मागच्या पिशवीत, तिथून फुप्फुसात, मग पुढच्या पिशवीत आणि बाहेर. एकाच दिशेनं. श्वास घेतानाही फुप्फुसात ताजी हवा आणि सोडतानाही ताजीच.

ताईकडून हे ऐकून प्लंबर जागेवरच बसला. "म्हणजे रिटर्न लाइन वेगळी. आपल्याला का नाही अशी दिली?"

"देव काम करत होता तेव्हा तू भेटला नव्हतास त्याला," ताई म्हणाली.

आता नवऱ्याची गोष्ट. कबुतरं पाळणाऱ्यांची एक जुनी युक्ती आहे. जोडी लावून द्यायची आणि मग आठवडाभर दोघांच्या मध्ये फळी टाकायची. शर्यतीला निघताना फळी काढायची, जरा भेटू द्यायचं, जरा घुमू द्यायचं, आणि भेट रंगात आली की एकाला उचलून टोपलीत. ते पाखरू लांबवर सोडलं की जोडीदाराच्या ओढीनं जीव तोडून घरी येतं.

"लाज नाही वाटत दुसऱ्याच्या संसारात फळ्या टाकायला?" ताई विचारायची.

"माझा संसार नाही ना, म्हणून तर वेळ मिळतो."

मी सगळ्यांत आधी यायचे. प्लंबर गल्लीभर सांगत सुटायचा, बघा, नवऱ्यावर काय जीव आहे हिचा. मी ऐकायचे आणि पिसं साफ करायचे. नवरा तर मी आले तरी डोळा उघडायचा नाही. उघडलाच तर माझे दाणे खाऊ नकोस एवढंच त्याच्या तोंडावर लिहिलेलं असायचं. दिसायला देखणा, मान हिरवी-जांभळी चमकायची. पण देखणेपणासाठी डोंगर ओलांडून कोण येतं?

मी कशासाठी यायचे ते सांगते. शर्यतीच्या दिवशी प्लंबर जेवायचा नाही. कपाळावर हात धरून गच्चीवर उभा. गिऱ्हाइकाचा फोन वाजायचा आणि मला उतरताना त्याचा आवाज ऐकू यायचा, "बाई, बादली लावा नळाखाली, माझी आजीबाई यायची आहे." मी त्याच्या मनगटावर उतरायचे. तो मला उचलायचा आणि माझ्या छातीला कान लावून उभा राहायचा, काळजाची धडधड शांत होईपर्यंत. हाताला लोखंडाचा आणि रबराचा वास. एवढ्या मोठ्या आभाळात मला जावंसं वाटायचं ते ठिकाण म्हणजे तो कान.

घर कसं सापडतं असं लोक विचारतात. ताई म्हणायची, सूर्य बघून, वास घेऊन, आणि धरतीच्या चुंबकाचं काहीतरी कळतं म्हणून. असेल बाई. मला फक्त त्या बाजूला गेलं की बरं वाटायचं आणि दुसरीकडे वळलं की वाईट.

एका थंडीत नवरा गेला. झोपेतच गेला, स्वभावाला धरून. प्लंबरनं त्याला कुंडीत पुरलं आणि मला शर्यतीतून काढलं.

"आता ही कोणासाठी येणार? सोडली तर हरवेल."

"उडवून तर बघ," ताई म्हणाली.

"नको."

मी रुसले. त्याच्या बुटाच्या नाड्या सोडल्या, चहाच्या कपात मका टाकला. शेवटी वैतागून त्यानं टोपली स्कूटरला बांधली आणि नदीपलीकडे मला सोडलं. तो धापा टाकत जिना चढून वर आला तेव्हा मी दारातच बसले होते. त्यानं मला उचललं, कान लावला आणि म्हणाला, "ढाबळीची ओढ असते यांना." ढाबळीची म्हणे. माणसांना दुसऱ्याच्या मनात आपलं नाव असेल असं सुचतच नाही.

पण धाप मी ऐकली होती. आधी वाटलं जिना असेल. मग बसल्या बसल्यासुद्धा लागायला लागली. पाइप फिरवताना मध्येच थांबायचा. खोकला कोरडा, आमच्याजवळ आला की जास्त.

एके दिवशी ताई एकटीच बोलत वर आली आणि तो तिच्या मागून, फार हळू.

"डॉक्टरीण काय म्हणाली ते ऐकलंस ना?"

"मास्क लावीन."

"इतकी वर्षं ती धूळ आत गेलीय. आता मास्क लावून काय होणार?"

धूळ म्हणजे आमचीच. आमच्या पिसांवर बारीक पांढरी भुकटी असते, पिसं धड राहावीत म्हणून. आम्ही आंघोळ केली की पाण्यावर सायीसारखी पसरते. ती भुकटी, वाळलेली शीट, सगळं त्याच्या छातीत जात होतं. सगळ्यांना बाधतं असं नाही, पण त्याचं शरीर त्या धुळीशी भांडायला लागलं होतं आणि त्या भांडणात फुप्फुस निबर होत चाललं होतं.

"पाखरं तरी राहतील नाहीतर तू," ताई म्हणाली.

"पाखरांना विचारलंस?"

ती टोपल्या मोजायला लागली.

डोंगरापलीकडचा एक बेकरीवाला आम्हाला न्यायला आला. प्लंबर गच्चीच्या दाराआड उभा होता, नाकातोंडाला रुमाल. त्यानं मला हातात घेतलं नाही. मला तेव्हा त्याचा राग आला.

बेकरीवाला माणूस चांगला. ढाबळ मोठी, दांड्या लाकडाच्या, दाणे भरपूर. पण दार बंद. मोठं झालेलं पाखरू दुसरीकडे नेलं तर त्याला मोकळं सोडत नाहीत, सोडलं की ते जुन्या घरी जातं. अशा पाखराला कैदी म्हणतात. लहान पिल्लं नवं आभाळ शिकली. मी जाळीशी बसायचे, त्या एका बाजूला तोंड करून. बाकी कुठंही तोंड केलं की वाईट वाटायचं.

बेकरीवाल्यानं उपाय काढला. कोणता असेल? नवरा. चांगला जवान, छाती फुगवून माझ्याभोवती गोल गोल फिरायचा. मला माझ्या वयाची दया आली आणि त्याचीही. पण मी विचार केला, यांना जे बघायचं आहे ते दाखवू. त्याच्याशेजारी बसले. घुमले. काड्या गोळा केल्या. एकदा तर त्याची मान चोचीनं साफ करून दिली, बेकरीवाला बघतोय हे बघून.

त्यानं लगेच प्लंबरला फोन लावला, मोठ्या आवाजावर ठेवून. "रमली हो तुमची आजीबाई. संसाराला लागली."

पलीकडून खोकला. मग, "बरं झालं."

दुसऱ्या दिवशी बेकरीवाल्यानं दार उघडलं. मी त्याच्या डोक्यावरून एक चक्कर मारली, खाल्ल्या दाण्यांना जागावं म्हणून, आणि निघाले.

पूर्वी जे अंतर मी एका दमात मारायचे ते आता बसत बसत कापलं. वारा समोरून. चरबी होती, पण बेकरीतल्या चुऱ्याची, जड. डोंगरावर एक ससाणा दिसला तेव्हा विजेच्या खांबावर अंग चोरून बसले. पंख दुखत होते. तरी त्या बाजूला जात होते, म्हणून बरं वाटत होतं.

गच्ची ओळखू आली नाही. ढाबळ नाही. फरशी धुऊन पांढरी केलेली, दोरीवर चादरी. प्लंबर खुर्चीत बसला होता, अर्धा झालेला. त्यानं वर बघितलं आणि दोन्ही हात पुढे केले, मनगटं जोडून.

मी खाली झेपावले. अगदी जवळ आले आणि थांबायला पंख फडफडवले. उन्हात माझ्या अंगातून पांढरी भुकटी निघताना मला दिसली. अशी हवेत उडताना आयुष्यात कधी बघितली नव्हती. वारा माझ्याकडून त्याच्याकडे होता. तो हात तसेच धरून खोकायला लागला. खोकताना त्याच्या गळ्याच्या शिरा ताणल्या, हवा आत जाईना. माझ्या अंगात हवेच्या एवढ्या पिशव्या, त्यातली एक देता आली असती तर.

ताई धावत आली. त्याला ओढून आत नेलं, दार लावलं, खिडकी लावली. मग काचेतून माझ्याकडे बघून म्हणाली, "आजीबाई, तुला तरी मी शहाणी समजत होते."

मी शेजारच्या इमारतीच्या टाकीवर जाऊन बसले. आधी वारा बघितला. आता तो त्याच्याकडून माझ्याकडे होता.

तेव्हापासून इथंच आहे. बेकरीवाला टोपली घेऊन आला, शीळ घातली, दाणे दाखवले, परत गेला. ताई शेजारच्यांच्या गच्चीवर माझ्यासाठी मका ठेवते आणि ठेवताना मला शिव्या देते. वारा फिरला की मी टाकीची बाजू बदलते.

तो खिडकीत बसलेला असतो. ओठ हलतात, काय म्हणतो ऐकू येत नाही. आणि कधीतरी, ताई घरात नाही असं बघून, त्याचा हात खिडकीच्या कडीकडे जातो. मग मी उठते आणि पलीकडच्या इमारतीमागे जाऊन लपते. लांबून त्याच्याकडे येण्यातच माझा जन्म गेला, असं उलटं जायला पंख तयार होत नाहीत. पण जाते. त्याला वाटतं मी रुसले. जरा वेळ वाट बघतो आणि हात खाली घेतो.

तुम्ही त्याच्याकडे कधी नळाच्या कामाचं विचारायला गेलात, तर एवढं सांगा. म्हणावं, खिडकी लावूनच बस. हात कडीवरून निघाला की ती परत येते.