माझ्या तोंडात बनियन होते

मित्रांनो, मी एक जुने भोक आहे. हसू नका. मासेमारीच्या बोटीच्या कठड्याला, अगदी डेकलगत, सुताराने मला पाडले. बाकीच्या वस्तू काहीतरी जोडून तयार होतात. मी लाकूड काढून टाकल्यामुळे तयार झाले. डेकवर चढलेले पाणी परत समुद्रात सोडायचे, हे माझे काम. समोरच्या कठड्याला माझे जुळे भावंड आहे.

पहिली वर्षे मजेची गेली. मग एकदा मालकाच्या चार कोळंब्या माझ्यातून निसटल्या. त्याने रागाने अंगातले बनियन फाडून आम्हा दोघांत अर्धे अर्धे कोंबले आणि विसरून गेला. वरून दरवर्षी रंगाचा हात. नऊ वर्षे मी निळे आणि मुके होते.

काल बोट विकत घ्यायला एक ताई आणि तिचा धाकटा भाऊ आले. मी नुसते उतावीळ झाले. मी तुंबलेले असताना मोठ्या लाटेचे पाणी डेकवर साचले, तर बोट त्या दोघांसकट कलंडणार. हे सांगायला मला तोंड होते, पण त्यात बनियन.

धाकट्याने इंजिनाचा आवाज ऐकला, रंगावर हात फिरवला. "ताई, झकास आहे गं. घेऊन टाकू."

"थांब रे. बादली आण."

ताईने तीन बादल्या पाणी डेकवर ओतले आणि ती उभी राहिली. पाणीही उभे राहिले. धाकट्याची चप्पल तरंगत फिरायला निघाली.

"काका, पाणी जातं कुठून?"

"वाळतं की," मालक म्हणाला. "ऊन चांगलं असतं इथं."

"मग लाटेला सांगू, ऊन पडेपर्यंत दम धर म्हणून?"

ती गुडघ्यांवर बसली आणि कठड्याच्या तळाशी बोटांनी ठोकत निघाली. टक, टक, टक. माझ्यावर आली आणि भद्द. इथेच, ताई, इथेच! तिने स्क्रूड्रायव्हर खुपसला. रंग फुटला, चिंधी बाहेर आली.

"अरेच्चा, माझं बनियन," मालक हरखला. "यावरून बायकोशी भांडलो होतो मी."

"अर्धंच आहे."

मालकाने गुपचूप समोरच्या कठड्याकडे बोट दाखवले.

जुळेही मोकळे झाले. ताईने पुन्हा तीन बादल्या ओतल्या. वीस मोजायच्या आत डेक रिकामा. मग बोट घेतली.

मित्रांनो, जुनी बोट घ्याल तेव्हा आधी पाणी ओता आणि ते कुठून जाते ते बघा. आम्हाला कपडे घालू नका.

आज सकाळी पहिलीच लाट गुडघाभर आत आली. धाकट्याने डोळे मिटून ताईचा हात धरला. आम्ही दोघांनी धो धो करत सगळी लाट समुद्राला परत केली.

त्याने एक डोळा उघडला. "ताई, अजून एक येऊ दे."