उल्केवर फिरलेली पाती

उल्का खरी असते तशी ताऱ्यांच्या पुढे, खोलीसकट दिसायला हवी असेल, तर दोन कॅमेरे लागतात, एकमेकांपासून तीस किलोमीटर लांब. एक माझ्या गच्चीवर, दुसरा आत्याच्या. ठरल्या मिनिटाला दोघांनी एकाच ताऱ्यावर नेम धरायचा. मग ते दोन फोटो दोन भिंगांच्या पेटीतून एकत्र पाहिले की तारे मागे राहतात आणि उल्का पुढे लोंबकळते. तीन वर्षं हा उद्योग चालला होता. कधी ढग आडवे आले, कधी आत्याला डुलकी लागली. यंदा एकदाची एक चांगली लठ्ठ उल्का दोघांनाही सापडली, आणि प्रदर्शनाला ही फोटोंची जोडी द्यायची मुदत दुसऱ्याच दिवशी संपत होती.

आत्याकडची फिल्म घेऊन आलो, दोन्ही निगेटिव्ह स्टुडिओत धुऊन वाळत घातल्या आणि मी जेवायला गेलो. तिथेच चुकलो.

आमचा फोटो स्टुडिओ आहे. बाबा चाळीस वर्षं तिथे रीटचिंग करतात. निगेटिव्हवर नको ते दिसलं की बारीक पातीने खरवडायचं, हा त्यांच्या हातचा मळ. मी परत आलो तेव्हा ते पाती पुसत होते.

"केवढा ओरखडा होता रे," ते म्हणाले. "काढला. तारे ठेवलेत, तारे कळतात मला."

"दोन्हींतला?"

"हो. तुझ्या आत्याच्या निगेटिव्हवर तोच, जरा डावीकडे सरकलेला. फिल्म कशी हाताळता कोण जाणे."

तीन वर्षांचं मुसळ केरात. मी नको नको ते बोललो. बाबांनी सगळं ऐकून घेतलं, पेन्सिलला टोक काढलं आणि दोन्ही निगेटिव्हवर एकेक रेघ परत ओढली, आठवणीतून.

मी प्रिंट काढून पेटीत घातल्या. उल्का ताऱ्यांच्या पुढे येऊन उभी राहिली. मला भरून आलं. राग होताच, तोही कुठे गेला नाही.

अर्जात विचारलं होतं, ‘हाताने फेरफार केला आहे का?’ ‘नाही’ लिहायचा फार मोह झाला. शेवटी लिहिलं, ‘होय. उल्का वडिलांनी पेन्सिलने रेखाटली,’ आणि त्यांचं पूर्ण नाव घातलं.

आठवड्याने प्रदर्शनाच्या फलकावर बाद फोटोंची यादी लागली, कारणांसकट. बाबांनी आयुष्यभर हजारो चेहरे सुधारले, पण नाव छापून आलं ते पहिल्यांदाच. चष्मा लावून त्यांनी ते दोनदा वाचलं, आणि तिथूनच आत्याला फोन लावला.